कॅसेटवरून सीडी करून मिळेल

तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायला तीन तास लागतात. हे वाक्य मी आमच्या दुकानात इतक्या वेळा बोललेय की, झोपेतही बोलत असते असं आमचे हे म्हणायचे. पण गिऱ्हाइकाला ते कधी पटायचं नाही. लोकांना वाटायचं, झेरॉक्ससारखं असेल. इकडून कॅसेट टाकली, तिकडून सीडी बाहेर. मग कळायचं की तसं नाही, आणि कॅसेट सोडून जायचा धीर होत नाही, कारण एकच कॅसेट आणि एकच लग्न. मग माणूस स्टुलावर बसायचा. उठायचा, दारापर्यंत जाऊन यायचा, पडद्यावरच्या आकड्याकडे बघायचा, परत बसायचा. आणि बोलायला लागायचा. किस्से साठतात ते असे. ते गोळा करायला कोणी बसलेलं नसतं, फक्त उठून जाता येत नसतं.

दुकान नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या जरा अलीकडे होतं. मालक बागूलभाऊ, मूळचे सटाण्याकडचे. नव्वदच्या दशकात खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेऊन त्यांनी नाशिकची कितीतरी लग्नं शूट केली. पुढे घरोघरी सीडी प्लेअर आले, व्हीसीआर माळ्यावर गेले, आणि लोक जुन्या कॅसेट घेऊन यायला लागले. तेव्हा भाऊंना कॉम्प्युटर येणारं माणूस हवं होतं. माझा कोर्स नुकताच झाला होता, आमचे हे सातपूरला पाळीत कामाला, घरी बसून माझा जीव रमत नव्हता. मी लागले. भाऊ एरवी शुद्ध बोलायचे, पण गिऱ्हाईक फारच मागे लागलं की अहिराणीत जायचे. "झालं का?" असं विचारलं की मान वर न करता म्हणायचे, "चालू शे," म्हणजे चालू आहे.

*

पहिल्याच महिन्यात अंबडच्या कंपनीतले सोनवणे आले. दुसऱ्या पाळीला जायचं होतं, त्याआधी लग्नाची कॅसेट करून हवी होती. मी माझं वाक्य म्हटलं. ते स्टुलावर बसले, पण अर्धेच. सारखं घड्याळ.

पडद्यावर त्यांची वरात निघाली होती. घोडा जागचा हलत नव्हता.

"ताई, हे पुढे पळवा ना."

"पळवलं तर सीडीतही पळतच दिसेल."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही, नवरी, भटजी, सगळे तुरुतुरु पळताना दिसाल."

सोनवण्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "मग तसंच घ्या. आमचं लग्न तसंच झालं होतं. वरातीत उशीर, मुहूर्ताला पळापळ, आणि जेवणं उरकून वऱ्हाडाला शेवटची एसटी गाठायची होती. हा घोडा एकटाच काय तो निवांत होता."

भाऊ आत बसून ऐकत होते. त्यांनी ती कॅसेट तीन तास लावून नीट घेतली. सोनवणे मात्र मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आतच कामाला निघून गेले. दुसऱ्या दिवशी सीडी न्यायला आले तेव्हा मी विचारलं, "बघून घेता का?"

"आता घरी बघतो," ते म्हणाले. "लग्नाच्या दिवशी बघायचं राहिलंच होतं."

*

निवडणुकीचे दिवस होते. आमच्या भागातून उभे राहिलेले एक अण्णा होते. खरं नाव सांगत नाही, अजून त्याच भागात राहतात. मतमोजणीच्या दोन दिवस आधी ते स्वतः दुकानात आले. लोकांनी काढलेल्या शूटिंगच्या कॅसेट, फोटो, सभेतली भाषणं असं पिशवीभर सामान होतं. निकालानंतर मिरवणुकीत मोठ्या पडद्यावर लावायची फिल्म हवी होती, कुठल्याही प्लेअरवर चालेल अशा सीडीत.

"सुरुवातीला मोठ्या अक्षरात 'विजयी मिरवणूक' टाका," अण्णा म्हणाले.

भाऊ म्हणाले, "अण्णा, निकाल लागू द्या ना."

"निकालानंतर तुमचा कॉम्प्युटर वेळ लावेल. लोक थांबत नाहीत."

ते खरं होतं. तेव्हा भारनियमन जोरात होतं. फिल्म तयार होत नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली की नेमके दिवे जायचे आणि सगळं परत पहिल्यापासून. अण्णा दोन्ही दिवस येऊन बसले. प्रचारात फिरून पाय सुजले होते, तरी बसल्या जागी ते पाय हलत होते. कार्यकर्ते फोन करून मतांचा अंदाज सांगायचे, अण्णा तो ऐकायचे आणि नजर पडद्यावरच्या टक्क्यांवर ठेवायचे. कुठला आकडा कशाचा आहे, हे शेवटी त्यांचं त्यांनाही कळत नसावं. एकदा फोनवरच म्हणाले, "नव्वद झालेत, आता लाइट जाऊ नये म्हणजे झालं."

सीडी तयार झाली. अण्णा पडले.

आठवडाभर कोणी फिरकलं नाही. मग एका दुपारी अण्णा एकटेच आले. गाडी नाही, माणसं नाहीत. सीडी काउंटरवर ठेवली आणि हळू आवाजात भाऊंना विचारलं, "तुमच्याकडे सगळं कन्व्हर्ट होतं म्हणतात."

"हो. कशात करायचंय?"

"वाढदिवसात होईल का?"

भाऊंनी करून दिलं. 'विजयी मिरवणूक' काढून 'अभीष्टचिंतन' टाकलं, बाकी हार, गुलाल, ढोल सगळं तेच. वाढदिवसाला पडद्यावर फिल्म सुरू झाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं अण्णांनी नंतर आवर्जून येऊन सांगितलं.

*

येवल्याचे नाना पैठणी विणणारे. घरात हातमाग, स्वतः बसून विणायचे. मुलगी अमेरिकेत नोकरीला, तिचं लग्न ठरलेलं. लेकीच्या लग्नाची पैठणी बापानेच विणायची हे घरात लहानपणापासून ठरलेलं. नानांनी तीन पैठण्या काढून ठेवल्या होत्या, एक मोरपंखी, एक राणी कलरची, एक हिरवी. तिने बघून त्यातली निवडायची होती. येवल्यातल्या कोणीतरी त्यांचं शूटिंग करून दिलं, आम्ही त्याची सीडी केली आणि नानांनी ती कुरिअरने पाठवली.

काही दिवसांनी नाना एसटीने थेट दुकानात. चेहरा उतरलेला. पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"ताई, तुम्ही माझ्या पैठण्यांचं काय केलंत?"

"काय झालं नाना?"

"पोरगी म्हणते, तिन्ही काळ्या आहेत. वर तिन्ही पडद्यावरून खाली पळतात. फोनवर विचारते, नाना, लग्नाला काळी काढलीत? तिची आई कालपासून माझ्याशी बोलत नाही."

आमच्या पडद्यावर सीडी लावली. रंग झळझळीत. नाना उभे राहून बघत होते, मग म्हणाले, "इथं तर बरोबर आहे. मग विमानात गेला का रंग?"

भाऊंनी दोन-तीन ठिकाणी फोन केले तेव्हा उलगडा झाला. तिकडच्या टीव्हीची पद्धत वेगळी. आपली सीडी तिथे चालते, पण चित्र काळं-पांढरं होतं आणि घसरत राहतं. त्यांच्या पद्धतीत बदलून द्यावं लागतं. आम्हाला ते माहीत नव्हतं, कारण तोवर आमची सीडी फार तर पुण्यापर्यंत गेली होती.

नवी सीडी करेपर्यंत नाना बसून राहिले. हात रिकामे होते म्हणून असेल, पण ते सारखे बोटांनी काहीतरी ओढल्यासारखं, सरकवल्यासारखं करत होते. सीडी घेऊन गेले.

पुढच्या वेळी आले ते पेढे घेऊन.

"दिसले का रंग?" मी विचारलं.

"दिसले. लग्नाला मोरपंखी पसंत केली."

"वा, मग झालं तर."

"कुठलं झालं," नाना म्हणाले. "म्हणते, आधी जी काळी दिसली होती ती पण हवी. आता काळी चंद्रकळा घेतलीय मागावर. आणि ती तर मी विणलेलीच नव्हती."

*

अंबडच्याच एका कारखान्याचं काम आलं होतं. मशीनवर काम करताना कोणती काळजी घ्यायची, याची परदेशी फिल्म होती. कंपनीने त्यावर मराठी आवाज रेकॉर्ड केला होता. तो आवाज आणि ती फिल्म जोडून, कँटीनमधल्या साध्या प्लेअरवर चालेल अशी सीडी आम्ही करायची. तिथले सुरक्षेचे अधिकारी देसाई साहेब. सीडी द्यायला मी गेले, तर म्हणाले, "थांबा, तुमच्यासमोरच लावू."

जेवणाची सुट्टी होती. कँटीन भरलेलं. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग माझ्या लक्षात आलं की आवाज किंचित मागे पडतोय. चित्राचा वेग बदलून घेताना कुठेतरी चुकलं होतं, आणि फिल्म जसजशी पुढे जाईल तसतसं अंतर वाढणार होतं. प्लेअर बंद करा म्हणावं, तर देसाई साहेब पार पुढे.

पडद्यावर एका माणसाने प्रेसमध्ये हात घातला. प्रेस खाली आला. माणूस ओरडला. सगळं झालं, त्याला उचलून नेलं, मागे रिकामं मशीन राहिलं, आणि मग शांत आवाज आला, "हात आत घालण्यापूर्वी मशीन बंद असल्याची खात्री करा."

कँटीनमध्ये हसू फुटलं. देसाई साहेब माझ्याकडे वळले. कान लाल झाले होते.

"मॅडम, हे काय आहे?"

मी काही बोलणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने हात वर केला. पन्नाशीचा माणूस. वर केलेल्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती.

"साहेब, त्यांना बोलू नका," तो म्हणाला. "बरोबर आहे फिल्म. आपल्याकडे सूचना नंतरच येते."

हसणं थांबलं. देसाई साहेबांनी सीडी काढून माझ्या हातात दिली. "दुरुस्त करून आणा." मग त्या माणसाकडे बघून म्हणाले, "आणि तुम्ही जरा माझ्या केबिनमध्ये या."

परत येताना रिक्षात मला चैन नव्हतं. आपल्या चुकीमुळे त्या माणसाची नोकरी जाते की काय, हेच डोक्यात. दुरुस्त केलेली सीडी घेऊन दोन दिवसांनी गेले तेव्हा आधी कँटीनमध्ये डोकावले. तो माणूस जेवत होता. मी जवळ जाऊन विचारलं, "काय म्हणाले हो साहेब?"

"काही नाही. विचारलं, मशीन कुठलं."

"मग?"

"मग दाखवलं. दोन तास उभे होते तिथं. जेवायलाही गेले नाहीत."

*

निर्मलाताई नाशिक रोडला राहायच्या, शाळेत शिक्षिका. त्यांच्याकडे शेजाऱ्यांच्या मुलाच्या लग्नाची कॅसेट होती. विनवण्या करून, एका दिवसाच्या बोलीवर आणलेली.

"सगळी नको," त्या म्हणाल्या. "पंगतीचं जिथं येतं ना, तिथलं थोडंसं हवंय. माझी आई आहे त्यात."

आई वर्षापूर्वी गेली होती. विहारातल्या कार्यक्रमांत, वस्तीतल्या लग्नांत सगळीकडे असायची, पण फोटो काढायची वेळ आली की स्वयंपाकाकडे पळायची. घरात एक फोटो होता, तोही रेशनकार्डासाठी काढलेला. हलती-चालती आई फक्त या कॅसेटमध्ये होती. हातात बुंदीचं ताट, पंगतीत वाकून वाढतेय, कोणीतरी नको म्हणतंय, ही तरी वाढतेय, आणि मग कॅमेरा दुसरीकडे वळतो. तेवढंच.

तेवढंच कापून मी सीडी करून दिली. दोन दिवसांनी निर्मलाताई परत.

"चालत नाही का?"

"चालते हो. पण आमचा टीव्ही जुना. सीडी टाकून टीव्हीचं बटण दाबते, चित्र यायला वेळ लागतो. चित्र येईपर्यंत आई निघून जाते."

भाऊंनी हे ऐकलं आणि खुर्ची सोडून आले. म्हणाले, "ताई, तुम्ही जाऊ नका, लगेच करून देतो." त्यांनी स्वतः बसून तोच तुकडा एकापुढे एक असा पुष्कळ वेळा जोडला. संपला की परत सुरू. आता टीव्ही कितीही उशिरा लागला तरी आई दिसणार होती.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. या वेळी आत यायलाच तयार नव्हत्या, दारात उभ्या.

"तुम्हाला फार त्रास देतेय. पण हे बघवत नाही. ती सारखी वाढतेच आहे. तिला बसायलाच मिळत नाही."

मी भाऊंकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "ताई, असं करू का? आधी थोडा वेळ काळा पडदा ठेवतो. टीव्ही लागू दे, तुम्ही येऊन बसा. मग आई येईल. एकदाच."

तसं केलं. त्या परत येतात की काय म्हणून मी कितीतरी दिवस दाराकडे बघायचे. खूप दिवसांनी भाजीबाजारात भेटल्या.

"आता बरं आहे का?"

"हो," त्या म्हणाल्या. "आता थोडी वाट बघावी लागते. ते बरं वाटतं."

*

आणि शिरसाठांचं.

शिरसाठ सातपूरला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. नीटनेटका माणूस, शर्टाची बाही कधी दुमडलेली नाही. लग्नाला दहा-बारा वर्षं झालेली. लग्नाची कॅसेट घेऊन आले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कॉम्प्युटरवर चित्र थांबवता येतं ना?"

"येतं."

"घरी व्हीसीआरवर थांबवलं की पट्टे नाचतात. चेहरा दिसत नाही."

कॅसेट पूर्ण आत घेईपर्यंत ते बसले नाहीत. उभेच होते, दाराला पाठ लावून. झाल्यावर म्हणाले, "आहेर सुरू होतो तिथं जा."

मी गेले. नवरा-नवरी खुर्च्यांवर, लोक येताहेत, पाकिटं देताहेत. नवरी खाली मान घालून नमस्कार करतेय.

"थोडं पुढे. अजून. इथं थांबवा."

मी थांबवलं. नवरीने मान वर केली होती आणि ती एकीकडे बघत होती. समोरच्या बाईकडे नाही, कॅमेऱ्याकडे नाही. त्याच्या पलीकडे, डावीकडे कुठेतरी. चेहऱ्यावर हसू नव्हतं, रडू नव्हतं. कोणी हाक मारल्यावर माणूस बघतो तसं काहीतरी.

"कोणाकडे बघतेय?" शिरसाठांनी विचारलं.

"मला कसं कळणार?"

"तिकडचं दाखवा ना."

"कॅमेरा तिकडे वळलेलाच नाही. जे घेतलंय तेवढंच आहे."

"मोठं करा."

मी मोठं केलं. चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. शिरसाठ त्या चौकोनांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिला कधी विचारलं नाही मी." आणि सीडी परवा न्यायला येतो म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आल्या. हातात भाजीची पिशवी.

"मी शिरसाठांची मिसेस. ते काल इथं आले होते ना?"

मी हो म्हटलं. भाऊ नेमके बाहेर गेले होते.

"घरी मी आले की व्हीसीआर बंद करतात. कुठली जागा बघत होते, ती मला दाखवा."

मला काय करावं कळेना. पण कॅसेट तिच्याही लग्नाची होती. मी लावलं. आधी ती म्हणाली, "आई किती बारीक होती माझी तेव्हा." मग मान वर करणारी नवरी आली. मी थांबवलं.

ती पुढे वाकली. बराच वेळ बघत होती.

"परत लावा."

मी परत लावलं. मान खाली, नमस्कार, मान वर.

"परत."

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ती माझ्याकडे वळली आणि विचारलं, "मी कोणाकडे बघतेय?"

"ते तुम्हालाच माहीत असेल ना," मी म्हटलं.

"नाही हो," ती म्हणाली. "आठवतच नाही." आणि ती खोटं बोलत नव्हती, हे मला तिच्याकडे बघून कळत होतं. पिशवी उचलून ती गेली. जाताना एवढंच म्हणाली, "ते कापू नका."

ठरल्या दिवशी शिरसाठ सीडी न्यायला आले. मोटारसायकल दुकानासमोर लावली, बायको मागे बसलेली, उतरली नाही. मी सीडी पिशवीत घालून दिली. ते घुटमळले.

"त्या जागेचं..." ते म्हणाले.

"ठेवलीय. सगळं जसंच्या तसं आहे."

त्यांनी मान हलवली आणि दाराकडे वळले, आणि तिथेच थांबले. म्हणून मीही काउंटरवरून वाकून बाहेर बघितलं. ती गाडीवर बसली होती. मान वर करून, डावीकडे, रस्त्याच्या त्या टोकाला बघत होती.

मी दुकानाबाहेर येऊन तिकडे बघितलं. शिरसाठही बघत होते. रस्ता रिकामा होता.